बिल्डर दिवाळखोरीत गेला, आता आपल्या फ्लॅटचं काय?

मंडळी, फ्लॅट रखडला की बहुतेक जण महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, धाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. परताव्याचा आदेश हातात पडतो, वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. पण एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला, की दिवाळखोरी कायद्याच्या कलम 14 चा मोरॅटोरियम, म्हणजे वसुलीला स्थगिती, लागतो आणि ही वसुली आहे तिथेच थांबते. तुमच्या गृहकर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो, कारण ते संरक्षण कंपनीला आहे, तुम्हाला नाही.

मग रस्ता एकच उरतो, दावा. या कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीने फ्लॅटधारकाला बँकेसारखंच वित्तीय धनको, म्हणजे कंपनीला पैसे देणारा, मानलं आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. पण हा हक्क वापरायचा तर फॉर्म सीए, म्हणजे दाव्याचा अर्ज, भरावा लागतो. दावे मागवणारी जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि आयबीबीआय या दिवाळखोरी नियामक मंडळाच्या संकेतस्थळावर येते. प्रक्रिया चालवणाऱ्या दिवाळखोरी व्यावसायिकाची नेमणूक झाल्यापासून 14 दिवसांची मुदत असते. ती हुकली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून 90 दिवस किंवा कंपनी सावरण्याच्या योजना मागवल्या जाईपर्यंत, यांतलं जे नंतर असेल तोपर्यंत दावा देता येतो, फक्त 90 दिवसांनंतर दिला तर उशिराचं कारण लिहावं लागतं. त्यानंतर मात्र फार ओढाताण होते.

सोबत नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, प्रत्येक हप्त्याची पावती, बँक स्टेटमेंट आणि कर्जमंजुरीचं पत्र जोडा. मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवा. करारात व्याजाचा दर नसेल तर धनकोंच्या समितीतला तुमच्या मतांचा वाटा ठरवताना 8 टक्के धरतात. आणि स्पष्टच सांगतो, पार्किंगच्या नावाखाली रोखीने दिलेल्या पैशांची पावती नसेल तर ते पैसे दाव्यात सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. दाव्यांच्या छाननीत माणसं सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

दावा मंजूर झाला की मतदान येतं. सगळ्या फ्लॅटधारकांच्या वतीने एकच अधिकृत प्रतिनिधी धनको समितीत बसतो. मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त वाटा ज्या बाजूला, त्या बाजूला तो सगळ्यांचं मत टाकतो. म्हणजे तुम्ही घरी बसलात तरी तुमचं मत पडतंच, फक्त ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं. कंपनी सावरण्याच्या योजनेला समितीत 66 टक्के मतं लागतात.

योजना आली नाही तर कंपनी अवसायनात जाते, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवली जातात, आणि कलम 53 ची उतरंड लागते: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगार, मग इतर कर्मचारी, त्यानंतर बिनतारणी वित्तीय धनको. फ्लॅटधारक बहुधा या चौथ्या पायरीवर असतो. ताबा आधीच मिळाला असेल तर तो फ्लॅट अवसायनाच्या मालमत्तेत धरत नाहीत.

आता गुंतवणूकदारांविषयी, कारण इथे गैरसमज फार आहे. ‘दोन वर्षांनी आम्हीच परत घेऊ’ किंवा ‘खात्रीचा परतावा’ असं लिहून ज्याने पैसे घातले, त्याला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये सट्टा करणारा गुंतवणूकदार ठरवलं. त्याला कलम 7 खाली दिवाळखोरीचा अर्ज करता येत नाही. खऱ्या घर घेणाऱ्यांनाही एकट्याने जाता येत नाही. त्याच प्रकल्पातले 100 जण किंवा एकूण फ्लॅटधारकांच्या 10 टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात.

म्हणून नवीन फ्लॅट घेताना नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांहून जास्त पैसे देऊ नका. रेरा कायद्याचं कलम 13 तेच सांगतं. महारेराच्या पानावर प्रकल्पावरचा बोजा आणि खटले पाहा. जमीन बँकेकडे गहाण असेल, तर तुमच्याच फ्लॅट क्रमांकाचं त्या बँकेचं ना-हरकत पत्र मागून घ्या.