पोरांचा पोहण्याचा गॉगल: वयावर नको, चेहऱ्यावर घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या की आपल्या बडोद्यात सकाळच्या बॅचला पोरांची झुंबड उडते. लालबागच्या स्नानागारावर तेच, सरदारबागला तेच, कारेलीबागलाही तेच. फी भरून होते, पोशाख येतो, टोपी येते आणि आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं की गॉगल राहिला. मग बाबा ऑफिसातून परतताना वाटेत एखाद्या दुकानाशी स्कूटर थांबवतात. "सहा वर्षांचा आहे, निळा द्या." झाली खरेदी! आज मला एवढंच सांगायचंय की गॉगल हा वय सांगून घ्यायचा नसतो, चेहऱ्याला लावून घ्यायचा असतो. मूल घरी आणि आपण दुकानात, असं चालत नाही.

आता दांडिया बाजारातली एखादी जुनी मंडळी म्हणतील, आम्ही विहिरीत उड्या ठोकल्या, कुठे होते गॉगल? खरं आहे. पण विहिरीत क्लोरीन नव्हतं. आणि डोळे लाल होतात ते नुसत्या क्लोरीननेही नाही. क्लोरीन घामाशी आणि, स्पष्टच बोलते, लघवीशी मिसळलं की क्लोरामाइन तयार होतं. पूलचा म्हणून जो नाकात बसणारा वास आपण ओळखतो तो त्याचाच. तेव्हा पोराला आधी बाथरूमला पाठवा, शॉवरखाली उभं करा. गॉगलचं निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं निम्मं काम दिसण्याचं. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो), त्यातली 43च्या आसपास एकट्या कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची. पण ही ताकद हवेतली. पाणी आणि कॉर्निया यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचा गुण, जवळपास सारखाच, त्यामुळे पाण्यात डोळे उघडले की ती जवळजवळ नाहीशी होते आणि सगळं धूसर दिसतं. गॉगल डोळ्यापुढे थोडीशी हवा धरून ठेवतो, बाकी काही नाही. पण खालच्या फरशा स्वच्छ दिसल्या की पाण्यात तोंड घालायला घाबरणारं पोर आपणहून डोकं खाली घालतं.

तर ही हवा आत राहायला हवी, पाणी बाहेर. दुकानात गेलात की पट्ट्याकडे बघूच नका, तो मागे सोडून द्या. मुलाला समोर बघायला सांगा, दोन्ही वाट्या डोळ्यांवर टेकवा, बोटांनी हलकेच दाबा आणि हात काढा. भिंतीला चिकटवायच्या रबरी हुकासारखा गॉगल दोन क्षण तसाच राहिला, तर माप बसलं. लगेच सुटला, तर हवा कुठून शिरली ते बघा. लहान मुलांमध्ये बहुधा ती नाकाकडून शिरते. त्यांच्या नाकाचा वरचा भाग, दोन डोळ्यांच्या मधला, अजून बसका असतो. मोठ्यांच्या मापाचा गॉगल तिथे अधांतरी राहतो. मग मुलाला दोन-चार वेळा डोळे मिचकवायला सांगा. पापण्यांचे केस काचेला घासले तर तो गॉगल परत ठेवा, कितीही सुंदर दिसला तरी. आणि रबरी कड डोळ्याच्या खोबणीभोवती बसावी, भुवईवर चढू नये.

पाकिटावर वय छापलेलं असतं, दोन ते सहा, सहा ते चौदा. आता सांगा, पहिलीतली पोर आणि मिसरूड फुटू लागलेला तिचा दादा एकाच मापात कसे बसायचे? छापील वयावरून फार तर कुठला खण उघडायचा ते कळतं. सहाच्या आतल्या मुलांना नाकावरच्या जोडासकट अख्खी एकसंध, मऊ सिलिकॉनची फ्रेम बरी पडते. त्याहून मोठ्यांसाठी नाकावरची पट्टी बदलता येते असा गॉगल मी घेईन. त्याच्या पाकिटात दोन-तीन मापांच्या पट्ट्या येतात, चेहरा वाढेल तशी पट्टी बदलायची.

आता पट्टा. पूलच्या काठावर बसलं की हे दृश्य रोज दिसतं. "आजी, पाणी आत येतंय." "ये इकडे, घट्ट करून देते." दुसऱ्या दिवशी आणखी थोडा घट्ट. शेवटी पोराच्या डोळ्यांभोवती लाल वर्तुळं उमटतात, आणि पाणी येतंच. कारण फार ताणलं की मऊ कड वाकडी होते आणि नवी फट पडते. खरा दोष पुष्कळदा टोपीखालून निसटलेल्या चार केसांचा असतो, ते कडेखाली सापडलेले असतात. केस काढा, पट्टा सैल करा. पट्टा मागे दुहेरी असतो तो उगाच नाही. एक पदर डोक्याच्या फुगीर भागाच्या वर, दुसरा खाली ठेवला की कमी ताणातही गॉगल हलत नाही.

पाणी आत न येऊ देण्याची ही खटपट जुनीच आहे. 1926 साली अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री ठरली. तिच्या गॉगलच्या कडा मेण ओतून बंद केल्या होत्या. आपल्याला सिलिकॉन मिळतं, आपलं नशीब.

टिकाऊपणाची गंमत अशी की महाग म्हणजे टिकाऊ असं नाही आणि स्वस्त म्हणजे टाकाऊ असंही नाही. कड कशाची आहे ते बघा. सिलिकॉन मऊ राहतं. स्वस्त पीव्हीसी काही महिन्यांत कडक होतं. फोमची कड आधी छान लागते, पण पाणी धरून ठेवते, बुरशी धरते आणि सुटते. पट्टाही सिलिकॉनचाच हवा, साधं रबर उन्हानं आणि क्लोरीननं चिकट होऊन तुटतं. काच म्हणतो ती खरं तर पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकची असावी, धक्का लागला तर ती तडकून डोळ्यात जायची भीती कमी. आत धुकं न धरणारा जो लेप असतो त्याला बोट लावायचं नाही, टॉवेलनं पुसायचं तर मुळीच नाही. टूथपेस्ट घासायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, लेप खरवडून निघतो. साध्या पाण्यात खळबळायचा, सावलीत वाळवायचा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल विसरलात तर त्यानं टिकावं तरी कसं?

रंगाचा निर्णय पोरावर सोडा, पण यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, नाही. गडद काच म्हणजे यूव्हीपासून संरक्षण असं नसतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असावं लागतं. उघड्या पूलवर सकाळी ऊन चढल्यावर हलका काळा किंवा निळा चालतो, संध्याकाळच्या बॅचला बिनरंगीच घ्या.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. वाट्या पुढे ओढायच्या आणि सोडायच्या, हा पोरांचा आवडता खेळ. ताणलेला पट्टा वाटी जोरात डोळ्यावर आणून आपटतो, त्यानं डोळ्याला गंभीर इजा झालेल्या आहेत. घालताना आधी वाट्या डोळ्यांवर धरून पट्टा मागे न्यायचा, काढताना मागून अंगठे घालून पट्टा वर उचलायचा. हे घरी आरशासमोर करून घ्या. मित्राचा गॉगल मागून घालायचा नाही हेही तेव्हाच सांगा, डोळे येण्याची साथ अशीच पसरते. खोल पाण्यात तळाशी जाऊन वस्तू आणण्याचा खेळही या गॉगलनं नको. यात नाक बाहेर असतं, आतला दाब नाकानं सारखा करता येत नाही आणि वाट्या डोळ्यांना ओढून धरतात. आणि आठवड्यातून एकदा तरी मुलाला गॉगलशिवाय पोहू द्या. पोर चुकून पाण्यात पडलं तर डोळ्यांवर गॉगल असणार आहे थोडाच?

चष्मा लागलेल्या मुलांच्या आया नेहमी विचारतात, आमचं काय? नंबरचे गॉगल तयार मिळतात, बहुतेक उणे नंबरात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यानं. काही ठिकाणी प्रत्येक डोळ्याची वाटी वेगळी घेऊन जोडता येते. सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईसाठी दिलेला, नंबर मात्र तयार गॉगलमध्ये सहसा मिळत नाही, तेव्हा दुकानात जाण्याआधी चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी घेऊन आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा की सिलिंडर सोडून किती नंबर चालेल. नमस्कार.