लेखक स्वतः सांगतोय, तरी विकिपीडिया ऐकत का नाही?

नमस्कार मंडळी. मध्यंतरी मला एका दिवंगत लेखकाच्या नातीचा मेसेज आला. "विकिपीडियावर आजोबांची जन्मतारीख चुकलीय. तुम्ही तिथे लिहिता ना? बदला." मी म्हटलं, तुम्हीच बदला, तिथे कुणालाही बदलता येतं. तिने बदलली. तासाभरात कुणीतरी ती उलटवली, म्हणजे पुन्हा आधीसारखी केली. तिने परत बदलली, परत उलटली. मग थेट फोनच. "अहो, आमच्या आजोबांचा वाढदिवस आम्हाला माहीत नसणार?"

पानावर तारीख होती १ जून. हसलात ना? आपल्याकडे एका पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मल्यासारखी वाटतात, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनीच ती तारीख टाकलेली असते. दाखल्यावर १ जून, म्हणून पेन्शनच्या कागदावर १ जून. घरचे म्हणतात, छे, दादा पाडव्याचे.

आता या नातीला मी फिलिप रॉथची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो.

रॉथ म्हणजे अमेरिकेतला फार मोठा कादंबरीकार. 'द ह्यूमन स्टेन' ही त्याची कादंबरी २००० साली आली. नायक कोलमन सिल्क, कॉलेजातला प्राध्यापक. हजेरी घेताना दोन विद्यार्थी कधीच वर्गात दिसलेले नसतात, म्हणून तो विचारतो, हे खरंच आहेत की 'स्पूक्स' आहेत? स्पूक म्हणजे भूत. पण कृष्णवर्णीयांना हिणवायलाही तोच शब्द वापरला जायचा, आणि ते दोघे निघतात कृष्णवर्णीय. प्राध्यापकाची कारकीर्द संपते. खरी मेख पुढे आहे: सिल्क स्वतःच जन्माने कृष्णवर्णीय असतो आणि आयुष्यभर गोरा म्हणून वावरलेला असतो.

समीक्षकांना लगेच अनातोल ब्रॉयार्ड आठवला. न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक, १९९० साली वारला. त्यानेही आपलं मूळ लपवलं होतं. विकिपीडियावर लिहिलं गेलं की ही कादंबरी ब्रॉयार्डच्या आयुष्यावरून सुचल्याचं म्हणतात. रॉथचं म्हणणं, साफ चूक. सुचली ती प्रिन्स्टनमधल्या माझ्या मित्रावरून, समाजशास्त्राचा प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन याच्यावरून. १९८५ साली हजेरीचा तो प्रसंग अक्षरशः त्याच्यावर गुदरला होता. चौकशी झाली आणि शेवटी तो निर्दोष सुटला.

रॉथच्या वतीने एकाने विकिपीडियाला कळवलं. २०१२ सालची गोष्ट. प्रचालकाचं, म्हणजे तिथली देखरेख करणाऱ्या संपादकाचं, उत्तर साधारण असं: लेखक हा स्वतःच्या कृतीबद्दल सर्वात मोठा अधिकारी, हे मान्य, पण आम्हाला दुय्यम स्रोत लागतो. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं. रॉथ भडकला, आणि त्या सप्टेंबरमध्ये त्याने 'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाच्या वेबसाइटवर विकिपीडियाला लांबलचक जाहीर पत्र लिहिलं.

तेव्हा सगळ्यांनी विकिपीडियाची टिंगल केली. मला विचाराल तर प्रचालक निम्मा चुकला. लेखक स्वतःबद्दल काय म्हणतो ते 'त्याच्या मते' असं लिहून घालायला विकिपीडियाच्या नियमांत पूर्ण मुभा आहे. पण ते लेखकच म्हणतोय, हे वाचणाऱ्याला तपासता आलं पाहिजे. निनावी माणूस येऊन "मी रॉथकडून बोलतोय" म्हणाला, तर ते कसं तपासणार? उद्या मीही म्हणेन. पत्र प्रसिद्ध झालं आणि प्रश्न मिटला, कारण आता बोट ठेवायला जागा झाली. ट्यूमिनची हकिकत पानावर आली. ब्रॉयार्ड मात्र गेला नाही, आणि का जावा? कादंबरी कुठून सुचली हे रॉथ सांगेल. समीक्षकांना कोण आठवला हे समीक्षकांनी लिहून ठेवलंय.

हा एवढा कडकपणा कशासाठी, असं वाटेल. तानेर आक्चाम नावाचा तुर्की इतिहासकार आहे, आर्मेनियन वंशसंहारावर लिहिणारा. २००७ च्या फेब्रुवारीत माँट्रियलच्या विमानतळावर त्याला जवळजवळ चार तास अडकवून ठेवलं. का, तर त्याच्या विकिपीडिया पानावर कुणीतरी तो दहशतवादी असल्याचं खरडलं होतं, आणि त्या पानाची छापील प्रत अधिकाऱ्यांकडे होती!

बरं, परत आपल्या १ जूनकडे. पानावर तारखेला संदर्भ होता, एका वर्तमानपत्रातल्या जयंती-लेखाचा. म्हणून तर संपादन उलटत होतं. मी वर 'इतिहास पहा' टॅब उघडला. [स्क्रीनवर: संपादनांची यादी, बोटाने खाली सरकवत] हे बघा. १ जून इथे आला, तेव्हा संदर्भच नव्हता. वर्तमानपत्रातला लेख त्याच्या तीन वर्षांनंतरचा. आणि त्यातली वाक्यं वाचा, आमच्या पानावरूनच उचललेली, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. पेपराने आमचं छापलं आणि आम्ही पेपराचा दाखला दिला. साप स्वतःची शेपूट गिळतोय.

मी नातीला म्हटलं, तुमच्या घरचं खरं असेल, पण ते पानावर लावता येत नाही. आजोबा स्वतः कुठे छापून बोललेत का, ते शोधा. तिने रविवारी माळा उपसला. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात एक मुलाखत निघाली, वाळवीने कडा खाल्लेली. त्यात आजोबांचं वाक्य: "जन्मलो पाडव्याला, मास्तरांनी लावला एक जून."

अंकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक, सगळं देऊन मी ते घातलं. दोन्ही तारखा ठेवल्या. 'शालेय नोंदीनुसार' आणि 'स्वतःच्या सांगण्यानुसार'. कुणी उलटवलं नाही.

फक्त काल लेखाच्या चर्चा पानावर, जिथे संपादक आपसात बोलतात तिथे, एकाने विचारलंय: पाडवा म्हणजे चैत्रातला की दिवाळीतला? नातीला फोन लावला. ती म्हणते गुढीपाडवा. मागून तिची आई ओरडली, "काहीतरीच काय, दिवाळीतला!"