नवापूर ते दांडी, रात्रभर पावसात

श्रोतेहो, नमस्कार.

धुळ्याहून साक्रीच्या बाजूला निघालं की जो महामार्ग लागतो, त्याला आपली जुनी माणसं अजूनही ६ नंबरचा रोडच म्हणतात. कागदावर तो आता ५३ नंबरचा झालाय. हा रस्ता गुजरातेत हजिऱ्याला समुद्राजवळ सुरू होतो आणि पार ओडिशात पारादीपला, पुन्हा समुद्राजवळच संपतो. आपल्या तापीचंही तसंच. मुलताईला उगम, ७२४ किलोमीटरची वाट, मधे भुसावळ, प्रकाशा, उकाईचं धरण, आणि सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्र. आपलं पाणी तिकडे जातं, आपला रस्ता तिकडे जातो, आपले भाऊबंद तिकडे सुरतेतल्या उधना-लिंबायतला जाऊन राहिले, आपली अहिराणी बोली तिथल्या गल्लीगल्लीत ऐकू येते. आणि समुद्र बघायचा म्हटलं की आपण गाडी काढतो ती गोव्याला! मला हे मुळीच पटत नाही. आपला समुद्र पश्चिमेला आहे, जवळ आहे, आणि सायकलने गाठता येतो.

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. दहा-बारा जणांनी मिळून, रात्रभर सायकल चालवून, भर पावसाळ्यात समुद्र गाठायचा तो कसा.

आम्ही सायकली टेम्पोत घालून नवापूरपर्यंत नेतो. धुळ्यापासूनच का नाही चालवत, असं पुष्कळ जण विचारतात. कोंडाईबारीच्या घाटामुळे. रात्रीची वेळ, पाऊस, मागून भरलेले ट्रक आणि उताराला ओले ब्रेक. ओल्या रिमवर रबर लगेच धरत नाही, सायकल थांबता थांबता बरीच पुढे जाते. म्हणून घाट रात्री नको. पुन्हा सांगते, घाट रात्री नको. नवापूरपासून पुढे मग सोनगड, व्यारा, बारडोली, नवसारी आणि दांडी. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

नवापूरचं स्टेशन तुम्हाला माहीतच आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि हद्द फलाटावरूनच गेली. तिथल्या बाकड्यावर मधोमध ती हद्द रंगवलेली आहे. आमच्यातली मुलं तिथे एक जण महाराष्ट्रात, एक गुजरातेत असं बसून फोटो काढतात. काढू द्यावेत. भूगोल असा बसून कळला तर चांगलंच आहे.

आता वारा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, समुद्राकडून येतो आणि आपण जातो समुद्राकडेच. म्हणजे रात्रभर वारा तोंडावर. रस्ता सपाट आहे, ताशी वीसने गेलो तर सहा-सात तासांत दांडी, असा हिशेब करणारा बारडोलीच्या आधीच बसतो. थांबे धरून ताशी दहा-अकराचा हिशेब ठेवा. संध्याकाळी साडेसातला निघा, उजाडल्यावर पोचा.

तयारीचं थोडक्यात सांगते, कारण सायकल तुम्हा सगळ्यांनाच येते. मागे लाल दिवा हवाच, अंगावर चमकणारी पट्टी हवी, मडगार्ड हवेत. मडगार्ड नसलेल्याच्या मागे जो असतो, त्याच्या तोंडात रात्रभर चिखल उडतो. डबक्यातून सायकल घालू नका, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की घसरतात. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर निघायचंच नाही, पुढच्या आठवड्यात जायचं. पुढे मिंढोळा आणि पूर्णा या नद्या आहेत, पूर आला की त्या कुणाचं ऐकत नाहीत. आणि कानात गाणी घालून चालवायचं नाही. मागून ट्रक येतोय हे आधी कानाला कळतं, मग डोळ्याला.

खायला दशम्या घ्या. दुधात मळलेली दशमी, शेंगदाण्याची चटणी, दोन केळी. दशमी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते, भिजल्या हातानेही खाता येते आणि पोटाला आधार देते. हल्ली प्रवासाला निघालं की बिस्किटांचे पुडे घेतात, त्यांचा पावसात लगदा होतो आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. आपल्या आज्यांनी प्रवासाचं खाणं विचार करून ठरवलं होतं. ते आपण का सोडलं, मला कळत नाही.

आता जे सांगायला मी आज इथे बसले आहे, ते सांगते.

ऑगस्टचा महिना होता. आम्ही अकरा जण, त्यात चौघी बायका. कॉलेजची मुलं होती, त्यांच्याकडे गिअरच्या सायकली, चार्जिंगचे झगझगीत दिवे. आणि शिंदखेड्याकडचे एक गुरुजी होते, नोकरीतून कधीच निवृत्त झालेले. त्यांची सायकल म्हणजे आपली जुनी काळी, रॉड ब्रेकची, मोठ्या कॅरिअरची. मागच्या चाकाला डायनामो, म्हणजे चाकाला घासून फिरणारं, दिवा पेटवणारं यंत्र. ओल्या टायरवरून डायनामो घसरतो, म्हणून त्याच्या मुंडीवर गुरुजींनी जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. मुलं आदराने म्हणाली, "गुरुजी, तुम्ही टेम्पोत बसा ना, सकाळी दांडीला भेटू." गुरुजी म्हणाले, "टेम्पो तर माघारी चालला. मी येतो मागून, तुम्ही चला पुढे."

आमची एक पद्धत आहे. प्रत्येकाला नंबर. थांब्यावर पुढून मागे नंबर पुकारायचे. एक, दोन, तीन, असे अकरापर्यंत. गुरुजी अकरा.

सोनगडपर्यंत सगळं ठीक झालं. सोनगड सोडलं आणि पाऊस असा उतरला की समोरच्याचं मागचं चाकसुद्धा दिसेना. वारा तोंडावर. मुलांचे पाय तरुण, ती पुढे निघाली. व्याऱ्याच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली सगळे थांबले. नंबर पुकारले. एक, दोन, तीन, चार, चार म्हणजे मी, मग पाच, सहा, सात, आठ, नऊ. आणि पुढे काही नाही.

पुन्हा पुकारले. नऊ, आणि पुढे काही नाही.

दहा म्हणजे एकोणीस वर्षांचा एक मुलगा, पहिल्यांदाच आलेला. अकरा म्हणजे गुरुजी. फोन लावले तर उचलत नाहीत. सगळ्यांचे फोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, पिशव्या बॅगांच्या तळाशी. रात्रीचा एक वाजत आलेला. मी आणि पाच नंबरच्या ताई, आम्ही दोघी मागे फिरलो.

समोरून ट्रकचे दिवे येत होते. एक गेला, दुसरा गेला. मग लांब, रस्त्याच्या कडेला, एक पिवळा दिवा दिसला. तो जागचा हलत नव्हता. पण मोठा व्हायचा, मंद व्हायचा, पुन्हा मोठा व्हायचा. ताई म्हणाल्या, "हा ट्रकचा नाही." बॅटरीचा दिवा असा कमी-जास्त होत नाही. चाकाच्या वेगाबरोबर वाढतो आणि कमी होतो, तो फक्त डायनामोचा दिवा. पण सायकल जागेवर उभी, आणि डायनामो पेटतो कसा?

जवळ गेलो तेव्हा दिसलं. त्या मुलाचं मागचं चाक पंक्चर झालं होतं आणि त्याचा चार्जिंगचा दिवा पाण्याने बंद पडला होता. गुरुजींनी आपली काळी सायकल डबल स्टँडवर उभी केली होती. मागचं चाक अधांतरी. तो मुलगा खाली उकिडवा बसून हाताने पेडल फिरवत होता, चाक फिरत होतं, डायनामो पेटत होता, आणि पुढच्या दिव्याच्या उजेडात गुरुजी त्याच्या सायकलची ट्यूब काढत होते. पोराचा हात दमला की दिवा मंद व्हायचा. मग गुरुजी वर्गात म्हणत असतील तसं म्हणायचे, "हं, चालू द्या." की दिवा पुन्हा मोठा.

पोराकडे नवी ट्यूब होती. त्याला ती घालायची घाई झाली होती, थंडीने दातावर दात वाजत होते. गुरुजी घालू देईनात. त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण वेढा. निम्म्याच्या पुढे गेल्यावर थांबले आणि बाभळीचा काटा काढून पोराच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "हा आत राहिला असता तर दहा मिनिटांत नवी ट्यूब गेली असती. आधी काटा, मग ट्यूब." श्रोतेहो, हे लिहून ठेवा. आधी काटा शोधायचा, मगच ट्यूब घालायची. पावसात पंक्चर जास्त होतात, कारण ओलं रबर काट्याला सहज वाट देतं. आणि ओल्या ट्यूबवर पंक्चरचं सोल्युशन धरत नाही, म्हणून रात्री पॅच लावत बसू नका, ट्यूबच बदला.

मी पोराला उठवलं, पेडल माझ्या हातात घेतलं. तेवढ्यात सुरतेकडून येणारी एक पिकअप गाडी थांबली. आत एक कुटुंब, मागे ताडपत्रीखाली सामान. ड्रायव्हरशेजारचे बाबा काच खाली करून म्हणाले, "काय व्हयनं भाऊ?"

सोनगडच्या पुढे, गुजरातेत, रात्री एक वाजता, आपली अहिराणी! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ते उधन्याला राहणारे, गावाकडे निघालेले. खाली उतरले, घरातल्या बाईंनी ताडपत्रीचं एक टोक सोडून दिलं, ते दोघांनी आमच्यावर धरलं. विचारलं, "कोठे जाई ऱ्हायनात?" गुरुजी म्हणाले, "समिंदर देखाले." "ह्या पानीमा?" "ह्याच पानीमा." बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही इतला वरीस सुरतमा शेतस, पन दांडी अजून देखी नही." हवा भरून होईपर्यंत ती दोघं ताडपत्री धरून उभी होती. त्यांची स्वतःची पाठ पूर्ण भिजली. निघताना बाईंनी त्या पोराच्या अंगावर कोरडी चादर टाकली, ती परत घ्यायला तयार होईनात.

पत्र्याखाली परत आलो तेव्हा बाकीचे सात जण कुडकुडत होते. ओलं अंग चालतं तोवर गरम असतं, थांबलं की गारठतं. आणि तिथेच मी ठरवलं की आता गुरुजी सगळ्यात पुढे. त्यांच्या पुढे कुणीही जायचं नाही.

याचं कारण नीट ऐका. जोरात चालवणारे पुढे जातात, थांबतात, वाट बघतात. मागचे पोचले की पुढच्यांची विश्रांती झालेली असते, ते लगेच निघतात. म्हणजे जो सगळ्यात दमलाय, त्यालाच विश्रांती मिळत नाही. आणि जो वाट बघत उभा आहे तो गारठतो. दोघांचंही नुकसान. हळू चालवणारा पुढे असला की सगळे एका चालीने जातात. आणि सगळ्यात मागे दमदार माणूस ठेवायचा, ज्याच्याकडे पंप, ट्यूब आणि शिट्टी आहे. हळू तो पुढे, दमदार तो मागे. पुन्हा सांगते, हळू तो पुढे, दमदार तो मागे.

गुरुजी पुढे निघाले. त्यांचा दिवा एकसारखा राहिला की आमची चाल बरोबर. चढ आला की दिवा मंद व्हायचा, आणि मागच्या दहा जणांना न सांगता कळायचं की आता चढ आहे. वाऱ्याच्या आडोशासाठी ती दमदार मुलं गुरुजींच्या उजव्या अंगाला तिरकी चालायला लागली, मला सांगावंसुद्धा लागलं नाही. मात्र मागून गाडीचा आवाज आला की लगेच एका रांगेत.

हल्ली कुणी दुकानात डायनामो मागितला तर दुकानदार हसतात. त्यांनी हसू नये. शेतातून रात्री घरी येणाऱ्या माणसाला चार्जर लागत नाही असा दिवा हवाच असतो. आणि सातवी-आठवीच्या मुलामुलींना सायकल देताना पंक्चर काढणं शाळेतच शिकवायला हवं, एक तास पुरतो.

बारडोलीला झुंजूमुंजू झालं. १९२८ चा शेतकऱ्यांचा सत्याग्रह इथलाच, वल्लभभाई इथेच सरदार झाले. नवसारीत चहा. आणि मग दांडी. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून पायी निघालेले गांधीजी ५ एप्रिलला इथे पोचले आणि ६ तारखेला त्यांनी मीठ उचललं. एकसष्टीतला माणूस, उन्हाळ्यात, इतकं अंतर पायी. तिथे आता मोठं स्मारक आहे, २०१९ मध्ये झालेलं, यात्रेकरूंचे पुतळे आहेत. गुरुजी त्या प्रत्येक पुतळ्यासमोर थांबले. दहा नंबरचा मुलगा त्यांच्याबरोबर थांबला, चादर खांद्यावरच होती.

समुद्राबद्दल एकच सूचना. या किनाऱ्याला भरती-ओहोटीत फार फरक पडतो. ओहोटीला पाणी लांब जातं, चिखल उरतो, आणि भरती येते ती झपाट्याने. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. भरतीची वेळ निघायच्या आधीच बघून ठेवा, म्हणजे पोचल्यावर समुद्र जवळ भेटेल.

परत येताना सायकल चालवायची नाही, झोप अनावर होते. नवसारी किंवा सुरतेहून रेल्वेने या. सायकल पार्सल ऑफिसात लावून ब्रेकव्हॅनमध्ये देता येते, पण गाडीच्या बऱ्याच आधी पोचा. आणि घरी आलात की आधी सायकल, मग आंघोळ. खाऱ्या हवेने आणि वाळूने चेन दोन दिवसांत गंजते. गोड्या पाण्याने सायकल धुवा, फडक्याने कोरडी करा, चेनला तेल द्या, आणि टायरच्या आतून एकदा बोट फिरवून घ्या.

नमस्कार.