खाऱ्या वाऱ्यातला बोल्ट

(पडद्यावर: किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचा फेस, अगदी जवळून.)

लाट फुटते तेव्हा तिच्या फेसात हवेचे असंख्य बुडबुडे असतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना पाण्याचे अतिशय बारीक थेंब वर उडवतो. वारा ते उचलतो आणि जमिनीकडे घेऊन येतो. वाटेत पाणी सुकत जातं, मीठ उरतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला थोडाथोडा वाटा रात्रंदिवस किनाऱ्यावरच्या छपरांवर, खांबांवर, तारांवर उतरत राहतो.

सोलर पॅनेलवरही उतरतो. काचेचं त्याने फारसं बिघडत नाही, एक चांगली सर आली की ती धुऊन निघते. खाऱ्या धुक्यात पॅनेल टिकतं का, हे तपासण्यासाठी आयईसी ६१७०१ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. चांगल्या पॅनेलच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख सापडतो. पण ते प्रमाणपत्र पॅनेलचं असतं. खालचं स्ट्रक्चर, पॅनेल ज्यावर बसतं ते रेल, त्याला दाबून धरणारे क्लॅम्प, नट-बोल्ट, वॉशर यांच्याबद्दल ते एक अक्षरही सांगत नाही. पंचवीस वर्षं चालायचं पॅनेल ज्या बोल्टच्या भरवशावर उभं आहे, तो बोल्ट कुठल्या धातूचा आहे हे खरेदीच्या वेळी फार थोडे लोक विचारतात.

(कॅमेरा पॅनेलच्या रांगेखाली शिरतो. खालून वर दिसणारे रेल, क्लॅम्प, सांधे.)

गंजाची सुरुवात पाहायची तर वाकून इथे यावं लागतं. वरच्या बाजूला पाऊस लागतो, मीठ वाहून जातं, ऊन लागून धातू कोरडा होतो. पॅनेलच्या खाली यातलं काहीच पोहोचत नाही. पोहोचतो तो फक्त खारा वारा. इथलं मीठ धुतलंच जात नाही, साचत राहतं.

आणि साचलेलं मीठ स्वस्थ बसत नाही. ते हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला तर ३३ टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे पाऊस नाही, दव नाही, धातू हाताला कोरडा लागतोय, तरीही मिठाच्या थराखाली खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा असू शकतो. गंजाला तेवढं पाणी पुष्कळ झालं.

हवा किती गंजवणारी आहे, याची मोजणी झालेली आहे. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे सी १ पासून सी ५ पर्यंत वर्ग आहेत, आणि त्याच्याही पुढे सीएक्स, म्हणजे अत्यंत तीव्र. सी ५ हवेत उघडं पोलाद पहिल्याच वर्षी ८० ते २०० मायक्रॉन झिजतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जस्त झिजतं ४.२ ते ८.४ मायक्रॉन. पोलादावर जस्ताचा मुलामा का देतात, ते या दोन आकड्यांतच कळतं.

पण मुलामा किती जाड, हा प्रश्न इथे फार मोलाचा आहे. बाजारात चकचकीत दिसणारा साधा झिंक प्लेटेड बोल्ट घ्या. त्यावरचं जस्त विजेच्या साहाय्याने चढवलेलं असतं आणि बहुधा ५ ते १२ मायक्रॉन जाडीचं असतं. सी ५ हवेत ते एक, दोन, फार तर तीन वर्षं पुरेल. हॉट डिप गॅल्व्हनायझिंगमध्ये पोलाद सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. ६ मिलिमीटरपेक्षा जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन थर बसावा अशी आयएसओ १४६१ ची अपेक्षा आहे. तो थर त्याच हवेत दहा ते वीस वर्षं जाईल. दुकानात दोन्ही बोल्ट ‘जस्ताचे’ म्हणूनच मिळतात. आणि नीट पाहा, दहा ते वीस वर्षंही पॅनेलच्या आयुष्यापेक्षा कमीच आहेत. म्हणून लाटांच्या अगदी जवळ हॉट डिपवर वरून रंगाचे थर देणं योग्य ठरतं. जस्ताखाली पोलाद आणि जस्तावर रंग अशी ही दुहेरी राखण एकट्या जस्तापेक्षा आणि एकट्या रंगापेक्षा बरीच जास्त टिकते.

ॲल्युमिनियमचं तंत्र वेगळं. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साईडचं काही नॅनोमीटर जाडीचं कवच तयार होतं आणि तेच त्याला वाचवतं. ॲनोडायझिंग म्हणजे हेच कवच मुद्दाम जाड करणं. किनाऱ्यावर २० ते २५ मायक्रॉनचं ॲनोडायझिंग मागून घ्यावं. हे कवच आम्लातही टिकत नाही आणि अल्कलीतही टिकत नाही, म्हणून ओल्या सिमेंटला ॲल्युमिनियम थेट टेकवू नये. मध्ये अस्तर हवं.

(पडद्यावर: तांब्याचा पत्रा आणि लोखंडी खिळा, खाऱ्या पाण्यात.)

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. किनाऱ्यावरचं स्ट्रक्चर बहुतेकदा मोकळ्या पृष्ठभागावर हरत नाही, ते सांध्यावर हरतं.

ही गोष्ट माणसाला १७६३ मध्येच कळली होती. ब्रिटिश आरमाराच्या ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या लढाऊ जहाजाच्या तळाला १७६१ मध्ये तांब्याचे पत्रे ठोकले होते. लाकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्यांपासून तळ वाचावा, हा हेतू. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं आणि तळ तपासला, तर पत्रे जागोजागी सुटलेले. तांबं ठीक होतं. ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे कुजून गेले होते. पण काही खिळे मात्र बरे राहिले होते. तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, आणि काही ठिकाणी तो कागद काढायचा राहून गेला होता. जिथे खिळा आणि तांबं यांच्या मध्ये कागद आला, तिथे खिळा वाचला. दोन भिन्न धातू, त्यांचा एकमेकांना स्पर्श आणि दोघांवर खारं पाणी, एवढं जमलं की एक छोटी बॅटरी तयार होते आणि दोघांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो. तिघांतली एक गोष्ट काढून घेतली की बॅटरी बंद. त्या कागदाने स्पर्श काढून घेतला होता.

सोलर स्ट्रक्चरमध्ये ही जोडी बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलची असते. यात झिजायची पाळी ॲल्युमिनियमवर येते. मोठा ॲल्युमिनियमचा रेल आणि त्यात छोटा स्टेनलेसचा बोल्ट असेल तर झीज पसरते आणि सहसा चालून जातं. उलट, स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचा रिव्हेट मारला तर तो रिव्हेट पाहता पाहता संपतो. पण ‘मोठ्यात छोटा चालतो’ या नियमावर किनाऱ्यावर पूर्ण विसंबू नये. इथे धातू पाण्यात बुडालेला नसतो, त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यामुळे झीज सगळ्या रेलभर न पसरता बोल्टच्या भोवतीच्या पट्ट्यातच होते. तिथे पांढरी भुकटी आणि खड्डे दिसू लागतात. म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा ईपीडीएम रबराची चकती घालणं हिताचं.

इथे एक अडचण उभी राहते आणि ती झाकून चालणार नाही. असा वॉशर घालून सांध्यातून वीज जाणं थांबवलं की अर्थिंगचा मार्गही तुटतो. फ्रेम आणि रेल एकमेकांना विजेने जोडलेले असणं माणसाच्या जिवासाठी आवश्यक आहे. तेव्हा अर्थिंगची जागा वेगळी, ठरवून करावी लागते: तिथे ॲनोडायझिंग भेदून धातूला भिडणारी खास क्लिप किंवा वॉशर, एकदा वापरल्यावर पुन्हा न वापरता. उघडी तांब्याची तार ॲल्युमिनियमला कधीही लावू नये. तारेच्या टोकाला कथिलाचा मुलामा दिलेला लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी जोडपट्टी, घ्यावा आणि सांधा घट्ट झाल्यावर त्यावर गंजरोधक ग्रीस किंवा सीलंट लावून खारं पाणी बाहेर ठेवावं. तांब्यावरून ओघळलेलं पाणीसुद्धा खालच्या ॲल्युमिनियमला भोवतं. तार वरून नेऊ नये, ती खालून न्यावी.

(पडद्यावर: बोल्टच्या डोक्यावर कोरलेली अक्षरं.)

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, असं आपण धरून चालतो. समुद्राजवळ ते अर्धंच खरं आहे. ३०४ जातीच्या स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठातल्या क्लोराईडला तोंड देण्याचं बळ त्यातून येतं. बोल्टच्या डोक्यावर ए२ लिहिलं असेल तर तो ३०४ च्या जातकुळीतला, ए४ असेल तर ३१६ च्या. किनाऱ्यावर ए४ च घ्यावा. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही. शंका असेल तर मॉलिब्डेनम ओळखणारे द्रावणाचे थेंब मिळतात, त्याने कळतो. ३१६ वरही तपकिरी डाग पडू शकतात, पण ते बहुधा वरवरचे असतात. घट्ट फटीत मात्र तोही कुरतडला जातो, कारण फटीत प्राणवायू संपतो, क्लोराईड साचतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि संरक्षक कवच पुन्हा तयार होत नाही.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी जागा: स्प्रिंग वॉशर. बोल्ट ए४, नट ए४, आणि मधला स्प्रिंग वॉशर साधा प्लेटेड, कारण तो वेगळ्या पाकिटातून आला. वर्षभरात तो लाल होतो, मग तुटतो, आणि सांधा ढिला पडतो. रेलच्या आत सरकणारा नटही असाच नजरेआड राहतो.

ढिला सांधा हा केवळ दुरुस्तीचा विषय नाही. पॅनेलच्या मधला एक क्लॅम्प दोन शेजारच्या पॅनेलना धरतो. एक पॅनेल सुटलं की त्या क्लॅम्पची पकड जाते, शेजारचं सुटतं, मग त्याच्या शेजारचं. २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया ही चक्रीवादळं कॅरिबियन बेटांवरून गेली, त्यानंतर तिथल्या सोलर प्रकल्पांची पाहणी झाली. एकामागून एक पॅनेल अशी उडून जाण्याला वरून धरणारे क्लॅम्प आणि कंपनाने ढिले होणारे बोल्ट ही कारणं पुढे आली. गंजलेला बोल्ट अशा वाऱ्यात आधीच अर्धा सुटलेला असतो.

(पडद्यावर: कामगार रेल कापताना, ठिणग्या.)

चांगलं सामान आणूनही काम बसवण्याच्या दिवशी बिघडू शकतं. जागेवर कापलेल्या कडेला जस्त उरत नाही. ती कड त्याच दिवशी साफ करून जस्तयुक्त रंगाने झाकायला हवी. ग्राइंडरची लोखंडी कीस स्टेनलेसवर आणि ॲल्युमिनियमवर उडते, रुतते आणि तिथून गंज सुरू होतो. म्हणून कापणं दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि संध्याकाळी कीस झटकून, धुऊन. स्टेनलेसवर लोखंडी तारेचा ब्रश चालवू नये. उघड्या तोंडाचा चॅनेल शक्यतो तोंड खाली करून लावावा, नाहीतर त्यात खारी धूळ आणि पाणी साठतं. तोंड वरच ठेवावं लागलं तर पाणी जाण्यासाठी भोक हवं. गॅल्व्हनाइज्ड माल प्लास्टिकखाली दाबून रचून ठेवला तर लावण्याआधीच त्यावर पांढरा थर येतो.

स्टेनलेसचे आटे कोरडे आणि वेगाने फिरवले की एकमेकांत घट्ट रुततात, मग बोल्ट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. तांबं किंवा ग्रॅफाइट नसलेलं वंगण लावून पान्याने सावकाश आवळावं. मात्र वंगण लावलेल्या बोल्टला कोरड्या बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दिला तर तो जास्त ताणला जातो. कंपनीने वंगणासह दिलेला आकडाच पाळावा.

मग उरते देखभाल. पाऊस जिथे पोहोचत नाही, तिथे आपण पाणी पोहोचवायचं: गोडं पाणी, कमी दाबाने, रेलच्या मागून आणि क्लॅम्पच्या खालून. कोरड्या मोसमात हे अधिक वेळा करावं, कारण तेव्हा मीठ धुणारं दुसरं कुणी नसतं. काच तापलेली असताना गार पाणी मारू नये, काम सकाळी लवकर उरकावं. बसवल्यानंतरची पहिली पाहणी वर्षभर न थांबता सहा महिन्यांत करावी, आणि ती समुद्राकडच्या रांगेच्या खालच्या बाजूपासून सुरू करावी. आवळलेल्या प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली असेल, तर नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

बोल्ट बदलायचे असतील तर एका वेळी एकच काढावा, म्हणजे पॅनेल कधीही मोकळं राहत नाही. जुना बोल्ट काढला की क्लॅम्पची जागा नायलॉनच्या ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुवावी, पूर्ण सुकू द्यावी, मग नवा ए४ बोल्ट त्याच जातीच्या नट आणि वॉशरसह बसवावा. आणि रांगेचा क्रमांक, क्लॅम्पचा क्रमांक व तारीख वहीत लिहावी. पुढच्या पाहणीत त्याच जागेवर पुन्हा लाल डाग दिसला, तर चूक बोल्टची नसून त्या सांध्यात पाणी साठतंय, हे त्या नोंदीवरूनच कळेल.