स्पिनिंगचा क्लास बसवताना आधी नॉब, गाणी नंतर

नमस्कार. जिममध्ये किंवा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दहा-बारा स्पिन बाईक, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या व्यायामाच्या सायकली, आल्यात आणि क्लास तुमच्या गळ्यात पडलाय. आता तुम्ही प्लेलिस्ट करायला बसणार. थांबा, आधी हे चाक बघा.

[फ्लायव्हील जवळून]

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे. त्यामुळे क्लासला येणारे बहुतेक जण म्हणतात, "सायकल येते हो मला." अडचण तिथेच आहे. रस्त्यावरच्या सायकलला फ्रीव्हील असतं. पाय थांबवले की चाक कटकट करत एकटंच फिरतं. इथे बऱ्याच बाईकवर पेडल आणि हे जड चाक एकमेकांना बांधलेले असतात. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. वेगात कुणी पाय रोखले, तर चाक ते ओढून नेतं आणि झटका गुडघ्याला बसतो. म्हणून पहिला धडा थांबण्याचा. हा नॉब उजवीकडे फिरवला की लोड वाढतो, म्हणजे पेडल जड होतं, खाली दाबला की ब्रेक लागतो. काही मॉडेलला ब्रेकचा दांडा वेगळा असतो, तो आधी बघून ठेवा. क्लास सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला एकदा ब्रेक लावायला लावा.

आता सीट. बाईकशेजारी उभं राहा, सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला आणा. बसून पेडल सगळ्यात खाली नेलं की गुडघा किंचित वाकलेला हवा, साधारण 25 ते 35 अंश. मग दोन्ही पेडल आडव्या रेषेत आणा. पुढच्या पायाचा गुडघा पेडलच्या आसावर आला पाहिजे. हँडल नवख्यांसाठी सीटइतकं किंवा थोडं वर. गुडघा पुढून दुखत असेल, तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे आहे. मागून दुखत असेल, किंवा कंबर डावी-उजवी डुलत असेल, तर सीट वर आहे. सीटच्या दांड्याचा खटका भोकात नीट बसलाय ना, ते हलवून बघा. घामाने तो गंजतो, आणि मग माणूस बसल्यावर सीट खाली घसरते. ओढणी आणि बुटाच्या लेस आत खोचायच्या. यात भीड नको.

लोडबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. लोड नसताना 120 आरपीएमने, म्हणजे मिनिटाला 120 फेऱ्यांनी, पाय फिरवणारा माणूस फार मेहनत करतोय असं वाटतं. खरं तर चाकच त्याचे पाय फिरवत असतं. ओळखायचं कसं? सीटवर त्याचा पार्श्वभाग उड्या मारताना दिसेल. तेव्हा "हळू" म्हणू नका, "नॉब पाव फेरा उजवीकडे" म्हणा. सपाट रस्त्याला 80 ते 110, चढाला 60 ते 80. साठच्या खाली गेलं की गुडघ्यावर भार येतो. उभं करायचं असेल तर आधी लोड, मग उभं. उलट केलंत तर पेडल पायाखालून पळतं. हँडलवर पुशअप, हातात डंबेल, उलटं पेडल मारणं हे प्रकार व्हिडिओत छान दिसतात. क्लासमध्ये मला ते नकोत. त्यांनी ताकद वाढत नाही, तोल तेवढा जातो.

45 मिनिटांचा साधा आराखडा सांगतो. 10 मिनिटं हलका वॉर्मअप. मग सिंहगडाचा घाट डोळ्यासमोर आणा: 4 मिनिटं चढ, त्यातली 3 बसून, 1 उभं, मग 2 मिनिटं हलकं. असे तीन. त्यानंतर सपाटीवर 30 सेकंद जोरात, 60 सेकंद सैल, असं सहा वेळा. उरलेली 8 मिनिटं वेग उतरवायला आणि स्ट्रेचिंगला. जोर दहापैकी किती, ते ज्याचं त्याला ठरवू द्या: चढावर 7, सैल असताना 3. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवर सगळ्यांना एकाच मापात मोजू नका.

पहिल्यांदा आलेल्याला 20-25 मिनिटांतच उतरवा, मग तो कितीही धडधाकट असो. रोज पळणाऱ्यांनाही हे लागू. सवय नसलेल्या मांड्यांना एकदम ताण दिला, तर स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, आणि पहिल्याच स्पिनिंग क्लासनंतर तो झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पुढच्या एक ते तीन दिवसांत मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. घरी पेनकिलर घेऊन बसायचं नाही. हे पहिल्या दिवशीच तोंडावर सांगा.

एप्रिल-मेमध्ये बेसमेंटमधला हॉल तापतो, पावसाळ्यात घाम वाळत नाही. दोन्ही वेळा पंख्याचा झोत अंगावर हवा, नुसता एसी पुरत नाही. नवरात्रात, चतुर्थीला आधी विचारा, "आज उपास आहे का?" असेल तर त्यांच्यासाठी चढ कमी करा. छातीत दुखलं, गरगरलं, तर क्लास तिथेच थांबवायचा.

आणि क्लास संपल्यावर बाईक पुसून झाली की नॉब पूर्ण आवळून ठेवा. क्लबहाऊसमध्ये पोरं शिरतात, चाक फिरवून बघतात, आणि बोटं नेमकी पेडलपाशी असतात.