डकोटातून सहल करताना जागा पंखाच्या मागचीच घ्या

नमस्कार. न्यूझीलंडला निघालेले अनेक प्रेक्षक विचारत आहेत, की एअर चॅथम्स या तिथल्या विमान कंपनीच्या जुन्या डीसी-३ विमानातून निसर्गदर्शनाची फेरी करायची असेल, तर कोणती जागा मागावी. तिकीट, ओळखपत्र, वेळेवर पोहोचणे हे सांगायला नको.

डीसी-३ म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचे ‘डकोटा’. त्याच्या मूळ आवृत्तीचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले जवान श्रीनगरला उतरले तेही डकोटातूनच. या विमानाचे पंख खिडक्यांच्या खाली असल्यामुळे मधल्या रांगांतील प्रवाशाला डोंगरदऱ्यांऐवजी पत्रा आणि त्यावरील रिव्हेटांच्या ओळीच दिसतात. म्हणून जागा पंखाच्या मागची घ्यावी.

तरीही “पुढची जागा मिळवून द्या” असा आग्रह चालूच असतो! विमान शेपटीच्या चाकावर टेकलेले असल्याने आतली वाट चढणीची असते आणि दार मागे, डाव्या बाजूला असते. म्हणजे मंडळी चांगली जागा ओलांडून, चढ चढून, प्रोपेलरच्या शेजारी कानठळ्या बसवून घ्यायला जातात. शिवाय तिथून चित्रण केले, की फिरती पाती फोनमध्ये वाकडीतिकडी उमटतात. तेव्हा पुन्हा सांगतो, पंखाच्या मागे बसा.

एका प्रेक्षकाने माझ्या चित्रफितीतील धूर पाहून “इंजिन पेटले का?” असे विचारले होते. या इंजिनाचे १४ सिलिंडर गोलाकार मांडलेले असतात. विमान उभे असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते आणि इंजिन सुरू होताच जळते; तो धूर त्याचाच. साचलेल्या तेलाने इंजिन अडून मोडू नये म्हणून आधी कर्मचारी प्रोपेलर हाताने फिरवून काही अडकत नाही ना, हे पाहतात. ते जरूर पाहा.

राहिली उंची. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने विमान मुळातच कमी उंचीवरून जाते. तरी काहींना ते आणखी खाली हवे असते. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये पिझ सेग्नास शिखराजवळ याच प्रकारच्या सहलीवरील युंकर्स जेयू-५२ कोसळून त्यातील सर्व २० जण दगावले. अरुंद दरीत, परतीची वाट न ठेवता, फार खालून उड्डाण केले गेले, असे तपासात आढळले. त्यामुळे वैमानिकाला “जरा खाली घ्या” असे कृपा करून सांगू नका.