कॅमेऱ्याने पाहिलेले जुने गोवे

आपल्यासमोर आहे ती मांडवीच्या काठावरची व्हाइसरॉयांची कमान. गोव्यात नव्याने येणारा प्रत्येक व्हाइसरॉय नदीच्या धक्क्यावर उतरून याच कमानीखालून शहरात प्रवेश करीत असे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, १५९९ साली, पणजोबांच्या सागरी सफरीची शताब्दी म्हणून ती उभारण्यात आली, आणि म्हणूनच नदीकडच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. आज पर्यटक जिचे छायाचित्र काढतात ती कमान मात्र मूळची नव्हे. मूळ कमान १९४८ मध्ये कोसळली आणि १९५४ मध्ये ती पुन्हा बांधली गेली. सोळाव्या शतकातले ते बांधकाम खरोखर कसे दिसत होते, हे पाहायचे असेल तर १९४८ पूर्वीची छायाचित्रे आणि पोस्टकार्डेच हाती घ्यावी लागतात.

जुन्या गोव्याच्या बाबतीत कॅमेरा उशिरा आला, ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घेतली पाहिजे. छायाचित्रणाचा शोध जगाला १८३९ मध्ये जाहीर झाला, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८४३ मध्ये, पोर्तुगीज हिंदुस्थानची राजधानी अधिकृतपणे पणजीला, म्हणजे त्या वेळच्या ‘नोव्हा गोवा’ला, गेली. साथींनी पोखरलेले शहर त्याआधीच ओस पडले होते आणि पडक्या इमारतींचे दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेले जात होते. गजबजलेल्या जुन्या गोव्याचे एकही छायाचित्र असू शकत नाही. कॅमेऱ्याला सापडले ते माडांच्या राईत उभी राहिलेली चर्चेस आणि त्यांच्यामधले मोकळे रान.

से कॅथेड्रलचेही तसेच आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकले, म्हणून हे कॅथेड्रल त्या संताला वाहिलेले आहे. त्याचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि १६१९ मध्ये इमारत पुरी झाली. दर्शनी भागाला दोन मनोरे होते, परंतु त्यातला एक १७७६ मध्ये पडला आणि तो पुन्हा उभारला गेला नाही. त्यामुळे पोस्टकार्ड कितीही जुने असले तरी त्यावर मनोरा एकच दिसतो. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोनेरी घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. एका खांद्याने उंच आणि दुसऱ्या खांद्याने बसका असा हा दर्शनी भाग छायाचित्रांतून इतका परिचयाचा झाला आहे की, तो मुळात असाच योजला असावा असे पाहणाऱ्याला सहज वाटते.

ज्या इमारतीसाठी ही जुनी चित्रे मला सर्वांत मोलाची वाटतात, ती म्हणजे बॉम जेझूस बॅसिलिका. तिचे काम १५९४ मध्ये सुरू झाले, १६०५ मध्ये ती विधिपूर्वक अर्पण झाली, आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिथेच आहेत. बांधकाम जांभ्याच्या चिऱ्यांचे असून त्याला वसईहून आणलेल्या काळ्या पाषाणाची जोड आहे. आज आपण तिला तांबूस, उघड्या चिऱ्यांची इमारत म्हणून ओळखतो. जुन्या छायाचित्रांत मात्र तिच्या बाजूच्या लांबच लांब भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत, कारण त्यांवर चुन्याचा गिलावा होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटांवरील रसायन निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत असे आणि तांबड्याला जवळजवळ देत नसे. त्यामुळे उघडा जांभा अशा प्लेटेवर काळपट उमटतो, तर चुन्याची भिंत लख्ख उजळते. म्हणजेच, चित्र रंगीत नसले तरी भिंतीवर गिलावा होता की नव्हता, याचा निर्वाळा ते देऊ शकते.

हा गिलावा १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार द काश्त्रु यांच्या देखरेखीखाली उतरवण्यात आला. इमारत अधिक प्राचीन दिसावी, अशी ती दृष्टी होती. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. कोकणात आणि गोव्यात घर बांधणाऱ्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते की उघडा चिरा पावसाचे पाणी पितो आणि झिजू लागतो, आणि चुन्याचा थर त्याला पावसाळ्यापासून राखतो. गेल्या काही वर्षांत गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी खुद्द बॅसिलिकेकडून आणि वास्तुसंवर्धनाच्या जाणकारांकडून झाली आहे. ती मागणी मला रास्त वाटते. बॅसिलिकेचे मूळ रूप तांबडे असल्याचा समज जितका घट्ट आहे, तितकी ही पांढऱ्या भिंतींची चित्रे लोकांपुढे येण्याची गरज अधिक आहे.

ही चित्रे काढणाऱ्यांमध्ये पणजीच्या सौझा अँड पॉल या छायाचित्रशाळेचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील गोव्याची कितीतरी दृश्ये त्यांच्यामुळे टिकली आहेत. मुरगावचा लोहमार्ग १८८८ मध्ये सुरू होऊन ब्रिटिश मुलखाशी जोडला गेला आणि त्यानंतर, १८९०च्या, संत झेवियर यांचे अवशेष भाविकांना दर्शनासाठी ठेवण्याच्या सोहळ्यापासून, दूरच्या भाविकांना जुन्या गोव्याला येणे सोपे झाले.

पोस्टकार्डाचा काळ ठरवण्याच्या काही खुणाही इथे सांगून ठेवतो. पाठीची संपूर्ण बाजू पत्त्यासाठीच राखलेली असेल आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहिला असेल, तर ते कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले किंवा त्याआधीचे असते. ‘पोर्तुगीज’ या अर्थाच्या शब्दात ‘झेड’ हे अक्षर असेल तर छपाई बहुतेक १९११च्या शुद्धलेखन सुधारणेपूर्वीची असते, कारण त्यानंतर तिथे ‘एस’ आला. तिकिटावरच्या राजाच्या मुखड्यावर ‘रिपब्लिका’ असा शिक्का छापलेला असेल, तर पोर्तुगालमधली राजसत्ता ऑक्टोबर १९१० मध्ये संपल्यानंतर ते कार्ड टपालात पडले, हे निश्चित.

शेवटी पवित्र टेकडीवर, संत ऑगस्टीनच्या चर्चकडे वळू. ते १६०२ मध्ये पुरे झाले आणि धर्मसंघांवर बंदी आल्यावर १८३५ मध्ये सोडून देण्यात आले. पुढे १८४२ मध्ये त्याचे कमानदार छप्पर कोसळले. दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा १९३१ मध्ये पडला, तर १९३८ मध्ये आणखी काही भाग ढासळला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा, उभा चिरलेला एकच मनोरा शिल्लक आहे. १९३१ पूर्वीच्या चित्रांत दर्शनी भाग ताठ उभा आहे आणि त्याच्यामागे छप्पर नाही. या क्रमाने चित्रे मांडली की एका इमारतीचे टप्प्याटप्प्याने होणारे पतन डोळ्यांसमोर उभे राहते, जे कोणत्याही लिखित वर्णनाने तितके स्पष्ट होत नाही.

या मनोऱ्यातली मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात नेण्यात आली आणि १८७१ मध्ये ती पणजीच्या निष्कलंक गर्भधारणेच्या चर्चमध्ये बसवली गेली. पायऱ्यांच्या माथ्यावरचे हे शुभ्र चर्च पणजीच्या असंख्य पोस्टकार्डांवर दिसते. दर्शनी भागाच्या मधोमध, अगदी वर, जी घंटा टांगलेली आहे, ती ऑगस्टीनच्या चर्चची.